यंत्र कोणाचे ऐकते?

(शालेय विद्यार्थ्यांच्या उन्हाळी तंत्र-शिबिराच्या समारोपप्रसंगी पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आयोजकांनी माझी ओळख 'तंत्रज्ञानविषयक लेखन करणारे पत्रकार' अशी करून दिली. त्याला एक पुस्ती जोडतो. मी कलाशाखेचा पदवीधर आहे. ओहमचा नियम दहावीला पाठ केला आणि पुढे त्याची गाठ पडली ती पन्नाशीनंतर, मुलांच्या हातातील या हिरव्या-काळ्या पट्ट्या पाहू लागल्यावर. तेव्हा येथे जे पालक 'हे आपल्याला काय कळणार?' अशा मुद्रेने बसले आहेत, त्यांच्याच बाकावरचा मी आहे. आज बोलायचे आहे ते त्यांच्याशी. मुलांना यातील पुष्कळसे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

समोरच्या टेबलावर काडेपेटीएवढे जे बोर्ड मांडले आहेत त्यांना 'नोडएमसीयू' म्हणतात. त्यावर पत्र्याचे एक चौकोनी झाकण दिसते आणि त्याच्या टोकाला नागमोडी सोनेरी रेघ. ती नक्षी नाही, तो अँटेना आहे. झाकणाखाली 'ईएसपी ८२६६' नावाची चिप आहे. तिच्यात सेकंदाला आठ कोटी ठोके देणारा छोटा संगणक आणि वायफायचा रेडिओ एकत्र नांदतात. दोन्ही कडांना पंधरा-पंधरा पिना, एक यूएसबीचे तोंड, दोन बारीक बटणे. बाजारात किंमत दोन-तीनशे रुपयांच्या आसपास. एका कुटुंबाने हॉटेलात नाश्ता केला तर याहून अधिक खर्च होतो.

ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ या कंपनीची. कंपनीची स्थापना २००८ची. २०१४च्या उत्तरार्धात हे स्वस्त वायफाय जगाच्या बाजारात आले तेव्हा तिच्याबरोबरचे कागद चिनी भाषेत होते. निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळींनी ते यंत्र-भाषांतराच्या आधाराने लावले, एकमेकांना कळवले, आणि मग उमगले की, केवळ दुसऱ्या यंत्राला वायफाय पुरवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या या चिपमध्ये स्वतःचा प्रोग्रामही भरता येतो. कंपनीनेही प्रोग्रामिंगची साधने खुली केली. पुढे २०१५ साली आर्डुइनो या लोकप्रिय प्रणालीतून ती चालवण्याची सोय झाली. आर्डुइनोचा जन्म २००५चा, इटलीतील इव्हरेआ या छोट्या गावी. तेथे रचनाशास्त्र शिकणाऱ्या, म्हणजे अभियंते नसलेल्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स हाताळता यावे, हा तिचा मूळ हेतू होता. माझ्यासारख्या कलाशाखेच्या माणसाला ही गोष्ट विशेष दिलासा देणारी वाटते.

आता मुलांनी पाच दिवसांत केले काय, ते सांगतो. कारण घरी गेल्यावर ती बोर्ड संगणकाला जोडतील आणि काही चालणार नाही, तेव्हा आपण 'राहू दे ते, अभ्यासाला बस' असे म्हणू नये, एवढी माझी विनंती आहे.

पहिली अडचण येते ती वायरीची. घरात मोबाईल चार्ज करायच्या चार वायरी पडलेल्या असतात. त्यांतील काहींत फक्त वीज वाहते, माहिती वाहून नेणाऱ्या दोन तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, संगणक मात्र बोर्ड ओळखत नाही. वायर बदलली की प्रश्न सुटतो. न सुटला तर दुसरी शंका ड्रायव्हरची. यूएसबीची भाषा आणि चिपची भाषा यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी आणखी एक लहानशी चिप या बोर्डावर असते. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच ३४०, काहींवर सीपी २१०२. तिच्या जातीचा ड्रायव्हर संगणकात बसवावा लागतो. त्यानंतर आर्डुइनोच्या प्रणालीत ईएसपी ८२६६चा संच उतरवून घ्यायचा, यादीतून आपला बोर्ड निवडायचा, पोर्ट निवडायचा. एवढे झाले की जुळवाजुळव संपली.

प्रोग्रामचे दोन भाग असतात. एकाचे नाव सेटअप, दुसऱ्याचे लूप. दुकानदार सकाळी शटर वर करतो, झाडलोट करतो, तराजू मांडतो, हे एकदाच. मग दिवसभर गिऱ्हाईक येते, माल देतो, पैसे घेतो, पुन्हा पुढचे गिऱ्हाईक. सेटअप म्हणजे शटर उघडणे, लूप म्हणजे गिऱ्हाईक. मात्र एकाच गिऱ्हाइकाशी हा दुकानदार बोलत बसला, तर या चिपमध्ये 'वॉचडॉग' नावाचा एक पहारेकरी आहे, तो काही सेकंद वाट पाहतो आणि दुकान बंद करून पुन्हा उघडायला लावतो. बोर्ड आपोआप पुनःपुन्हा सुरू होऊ लागला, तर बहुतेक वेळा कारण हेच असते किंवा वीजपुरवठा अपुरा असतो.

पहिला प्रोग्राम सर्वांचा एकच : दिवा लावणे आणि विझवणे. येथे एका मुलीने तिसऱ्या दिवशी चांगला प्रश्न विचारला. बोर्डावरच्या निळ्या दिव्याला 'हाय' म्हटले की तो विझतो आणि 'लो' म्हटले की लागतो, हे उलटे का? उत्तर तारेत आहे. त्या दिव्याचे एक टोक कायमचे ३.३ व्होल्टला बांधलेले आहे, दुसरे पिनेला. पिन शून्यावर आली की दोन टोकांत फरक पडतो आणि वीज वाहते. पिनही ३.३ वर गेली की दोन्हीकडे सारखीच पातळी, मग वाहणार कशी? विहिरीतले आणि हौदातले पाणी एकाच पातळीवर असले तर मधल्या नळीतून थेंबही हलत नाही, तसेच हे. त्या मुलीला उत्तर आयते सांगितले नाही. शिक्षकांनी तिच्या हाती मीटर दिला. मला शिबिरातील सर्वांत मोलाचा प्रसंग तो वाटला.

आणखी एक खोच. बोर्डावर 'डी ४' छापलेले असते, पण चिपच्या लेखी त्या पिनेचा क्रमांक २. 'डी १' म्हणजे ५, 'डी २' म्हणजे ४. घराचा पत्ता महापालिकेच्या दप्तरी एक आणि गल्लीत दुसरा, असाच प्रकार. तक्ता जवळ ठेवावा. आणि या चिपच्या ०, २ व १५ या तीन पिना सुरू होण्याच्या क्षणी ती स्वतःच तपासते. त्या वेळी शून्य क्रमांकाची पिन खाली ओढलेली असली तर चिपला वाटते, आपल्यात नवा प्रोग्राम भरायचा आहे, आणि ती वाट पाहत बसते. बाहेरची उपकरणे 'डी १' आणि 'डी २' यांना जोडली की ही कटकट टळते.

मग वायफाय. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते. केंद्र सरकारने २००५ साली कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा परवानामुक्त केला, म्हणून आपल्या घरी विनापरवाना वायफाय चालते. पण नव्या राऊटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचे दुसरे जाळेही असते. मोबाईलला ते दिसते, या बोर्डाला दिसत नाही. मुलगा तासभर नाव आणि पासवर्ड तपासत बसतो. राऊटरवर २.४चे जाळे चालू आहे ना, एवढेच पाहायचे असते. जोडणी झाली की राऊटर बोर्डाला एक पत्ता देतो. तो पत्ता मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाकला की मुलाने स्वतः लिहिलेले पान उघडते. त्यावर दोन बटणे : दिवा चालू, दिवा बंद.

हे पान दिसल्यावर येथे टाळ्या वाजल्या. पण खरी परीक्षा शिक्षकांनी त्यानंतर घेतली. राऊटरमध्ये बाहेरून येणारी इंटरनेटची तार त्यांनी उपसून टाकली आणि म्हणाले, आता दिवा लावा. दिवा लागला. कारण मोबाईल, राऊटर आणि बोर्ड हे तिघेही एकाच घरात आहेत. त्यांच्या बोलण्याला समुद्रापार जाण्याची गरज नाही.

पालकहो, आज मी आलो आहे तो या उपसलेल्या तारेबद्दल बोलायला.

आपल्या घरांत आता 'स्मार्ट' बल्ब, प्लग, कॅमेरे आले आहेत. त्यांतील कित्येकांच्या पोटात हीच चिप किंवा तिची भावंडे असतात. फरक प्रोग्रामचा. तयार प्लगमध्ये बहुधा दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम असतो आणि त्याला त्याच्या मालकाच्या सर्व्हरचा आदेश ऐकण्याची सवय लावलेली असते. आपण दिवाणखान्यात बसून बटण दाबतो, निरोप परदेशातील एखाद्या संगणकाकडे जाऊ शकतो आणि तेथून परत येऊन पाच फुटांवरचा दिवा लागतो. सोय म्हणून हे ठीक आहे. बाहेरगावाहूनही दिवा लावता येतो. पण त्या सर्व्हरच्या मालकाने उद्या दुकान गुंडाळले तर?

हा कल्पनेचा खेळ नाही. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचे घरातील उपकरणे चालवणारे एक केंद्रयंत्र सुमारे तीनशे डॉलरना विकले जाई. गुगलच्या समूहातील नेस्ट कंपनीने २०१४ साली रिव्हॉल्व्ह विकत घेतली आणि मे २०१६मध्ये तिची सेवा बंद केली. यंत्रे बिघडली नव्हती. ती आज्ञेची वाट पाहत निकामी झाली. एप्रिल २०२२मध्ये 'इन्स्टिऑन' या कंपनीचे सर्व्हर असेच पूर्वसूचनेविना थंडावले. तेथे मात्र एक गोष्ट पाहण्याजोगी घडली. ज्यांनी भिंतीवरचे बटण आणि दिवा यांची जोडणी घरातल्या घरात केली होती, त्यांचे दिवे लागत राहिले. पुढे त्या उपकरणांच्या काही ग्राहकांनीच कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. सर्वांना एवढी ऐपत असते असे नाही.

दुसरी बाजू सुरक्षिततेची. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे, व्हिडिओ-रेकॉर्डर आणि राऊटर हजारोंच्या संख्येने आपल्या कह्यात घेतले. कसे? कारखान्यातून येताना असलेली साठेक नावे आणि पासवर्ड यांची यादी त्याच्याजवळ होती; ती तो एकेक करून लावून पाही. लोकांनी पासवर्ड बदललेलेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या गुलाम यंत्रांच्या माऱ्याने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास अनेकांना मिळेनाशा झाल्या. कॅमेऱ्याच्या मालकांना बहुधा पत्ताही नव्हता की, आपला कॅमेरा रात्रीतून दुसऱ्याच्या फौजेत भरती झाला आहे.

येथे स्वाभाविकपणे प्रश्न येतो, आणि चहाच्या वेळी दोघांनी तो मला विचारलाही : चिप चिनी आहे, मग हे सारे बोर्डच संशयास्पद नाहीत काय? या प्रश्नाला भावनेच्या भरात 'हो' किंवा 'नाही' म्हणून चालणार नाही. मार्च २०२५मध्ये स्पेनमधील एका सुरक्षा-संस्थेने याच कंपनीच्या ईएसपी ३२ या चिपमध्ये कागदपत्रांत न नोंदवलेल्या २९ आज्ञा सापडल्याचे जाहीर केले. 'चोरदरवाजा' असा शब्द वापरला गेला आणि तो जगभर फिरला. नंतर त्या संस्थेनेच तो शब्द मागे घेऊन 'दडलेली सुविधा' असे म्हटले. कंपनीचे म्हणणे असे की, त्या चाचणीसाठीच्या आज्ञा आहेत आणि दुरून रेडिओद्वारे त्या वापरता येत नाहीत. ही बातमी पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी दुरुस्तीही पुढे ढकलली? पत्रकार म्हणून मला त्याची अधिक खंत आहे. शत्रूवर डोळा ठेवायचा तर डोळे उघडे हवेत आणि वाचलेले तपासण्याची तसदीही हवी.

त्याचबरोबर हेही खरे की, ईएसपी ८२६६च्या वायफायचा भाग चालवणारा मूळ प्रोग्राम कंपनीने बंद डब्यातच दिला आहे. मुलाने लिहिलेला प्रोग्राम खुला, पण त्याखालची एक पायरी झाकलेली. म्हणून असे बोर्ड बँकेच्या तिजोरीला लावू नयेत, पाण्याच्या टाकीला लावायला हरकत नाही, असे माझे मत आहे.

आपल्या देशात काय चालले आहे? चेन्नईच्या आयआयटीने 'शक्ती' प्रोसेसर घडवला. २०१८ साली त्याची एक आवृत्ती चंडीगडच्या सेमिकंडक्टर प्रयोगशाळेत तयार झाली. सी-डॅकने 'वेगा' ही प्रोसेसरमालिका आणि तिच्यावरचे 'एरिज' नावाचे बोर्ड काढले. ते याच आर्डुइनो प्रणालीतून चालवता येतात, म्हणजे येथे शिकलेले तेथे वाया जात नाही. दोन्हींचा पाया 'रिस्क-५' ही कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात जन्मलेली खुली आज्ञावली. गंमत अशी की, एस्प्रेसिफच्या अलीकडच्या अनेक चिपाही याच पायावर उभ्या आहेत, आणि त्या कंपनीचे एक विकासकेंद्र पुण्यात आहे. म्हणजे आपल्याच गावची मुले तेथे काम करतात. बुद्धीची वानवा नाही. इतक्या स्वस्तात इतक्या मोठ्या संख्येने चिप काढणे आणि तिच्यात रेडिओ बसवणे, यात आपण मागे आहोत, आणि ते घोषणांनी भरून निघणारे अंतर नाही. ज्यांनी बारा-तेराव्या वर्षी पिना मोजल्या, अशी हजारो माणसे हाताशी असावी लागतात.

आता टाकीकडे येतो, कारण शिबिरातील शेवटचा प्रकल्प तोच होता. आपल्या सोसायट्यांतून गच्चीवरची टाकी भरून वाहते, पाणी तासभर जिन्यावरून उतरते आणि रखवालदार खाली मोटारीपाशी पेंगत असतो. एक स्पष्ट सांगतो : केवळ टाकी भरल्यावर मोटार बंद करायची असेल, तर हार्डवेअरच्या दुकानातून काही शे रुपयांचा फ्लोट स्विच आणावा, वायफाय वगैरेच्या भानगडीत पडू नये. बोर्डाचा उपयोग होतो तो बातमी हवी असते तेव्हा : टाकी किती वाजता भरली, आज मोटार किती वेळा चालली, पाणी येऊनही पातळी का चढली नाही.

मुलांनी फ्लोटच्या दोन तारा 'डी १' आणि ग्राउंड यांना जोडल्या. पहिल्या दिवशी गोंधळ झाला. पाण्यावर लाटा उठतात, फ्लोट हेलकावतो आणि बोर्डाला वाटते टाकी भरली-रिकामी-भरली-रिकामी. त्यावर उपाय प्रोग्राममध्ये : एकच स्थिती सलग पाच सेकंद टिकली तरच विश्वास ठेवायचा. दुसरी अडचण भारनियमनाची. वीज गेली आणि आली की बोर्ड दोन-चार सेकंदांत जागा होतो, राऊटरला मात्र मिनिट-दोन मिनिटे लागतात. पाच-दहा प्रयत्नांत हार मानणारा प्रोग्राम मग दिवसभर मुका राहतो. म्हणून प्रयत्न चालूच ठेवायचा आणि मधल्या काळात टाकीवरची नजर हटू द्यायची नाही. वायफाय नसले तरी मोटार बंद झालीच पाहिजे. वीज परतल्यावर मोटार आपोआप सुरू होणार नाही, बंदच राहील, हेही सेटअपमध्ये पहिल्याच ओळीला लिहायचे. गच्चीवर काँक्रीटच्या स्लॅबमधून वायफाय पोहोचत नाही, ही तिसरी अडचण. तीवर राऊटर वरच्या मजल्याच्या जिन्यात नेण्यावाचून येथे तरी दुसरा उपाय सापडला नाही.

एक सूचना मात्र पालकांना हात जोडून. बोर्ड, फ्लोट, ३.३ आणि ५ व्होल्ट येथवर मुलांचे राज्य. घरातल्या २३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही. बाजारातील निळ्या रिलेवर दहा अँपिअर छापलेले असले तरी मोटार सुरू होताना कितीतरी पट वीज ओढते; रिलेचे टोक चिकटून बसते आणि मोटार बंदच होत नाही. रिलेने काँटॅक्टर चालवावा, काँटॅक्टरने मोटार, आणि ते काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. त्यालाही मुलाने सर्किट समजावून सांगावे. वायरमनकाका दोन प्रश्न असे विचारतील की प्रोग्राम बदलावा लागेल.

मुलांना असे काम देण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. हिंदुस्थान लिव्हरमधील वरिष्ठ शास्त्रज्ञाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभा केला. गावातील मुलांनी गावाचीच कामे करीत शिकावे : वेल्डिंग करावे, शेत मोजावे, पंप दुरुस्त करावा. त्याच पाबळमध्ये २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली, आणि त्या विद्यापीठाबाहेरची ती पहिल्या फॅब लॅबपैकी एक होती. पुण्यामुंबईच्या नामांकित महाविद्यालयांना जे सुचले नव्हते, ते एका दुष्काळी गावात घडले. २०१६पासून अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेत देशभरच्या हजारो शाळांना साहित्य मिळाले आहे. काही शाळांत ते उत्तम वापरले जाते. काहींत पाहुणे येण्याच्या दिवशी कपाट उघडते. आपल्या मुलांच्या शाळेत असे कपाट आहे काय आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे पालकसभेत विचारायला काहीच हरकत नाही.

जाता जाता घरी करायची तीन कामे. राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आज रात्रीच बदला. मुलांनो, तुमच्या प्रोग्राममध्ये घरच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेला आहे. मित्राला प्रोग्राम पाठवताना ती ओळ पुसा, आणि बोर्ड कोणाला देणार असाल तर आधी त्याची स्मृतीही पुसा, कारण त्यातून ती अक्षरे वाचता येतात. तुमच्या मोटारीच्या पानाला अजून कुलूप नाही, घरी आलेल्या पाहुण्याने वायफाय जोडले तर तोही मोटार चालू करू शकतो. त्या पानाला पासवर्ड कसा लावायचा, ते उद्या सकाळी दहाच्या शेवटच्या तासाला सर शिकवणार आहेत. आणि ज्या मुलीने निळ्या दिव्याचा प्रश्न विचारला होता, तिने पिनांचा तक्ता मराठीत लिहून काढला आहे. त्याच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. येताना दिसल्या नसतील तर जाताना घेऊन जाव्यात.